कोड सगळ्यांचा, किल्ली कोणाकडे?

ऑगस्ट 2023 च्या पहिल्या आठवड्यात ब्राम मोलेनार गेल्याची बातमी त्यांच्या कुटुंबीयांनी कळवली. ‘व्हिम’ हा टेक्स्ट एडिटर त्यांनी 1991 मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती दिला, आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तो त्यांनीच सांभाळला. जगभरातून लोक पॅच पाठवत, चुका दाखवत, नव्या सोयी सुचवत. पण ते सारे पारखून मूळ कोडमध्ये घालण्याचे काम जवळपास सर्वस्वी ब्राम यांचे होते. इतक्या एकहाती चाललेल्या कामाचा कर्ताच गेल्यावर ते ठप्प होईल, निदान वर्षभर चाचपडेल, अशी भीती कोणालाही वाटली असती. तसे झाले नाही. ख्रिस्टियन ब्राबांट आणि इतर जुन्या सहकाऱ्यांनी लगेच सूत्रे हाती घेतली, पॅच पुन्हा आत जाऊ लागले, आणि 2 जानेवारी 2024 रोजी व्हिम 9.1 ही आवृत्ती ब्राम यांना अर्पण करून प्रसिद्ध झाली. या माणसांची निष्ठा त्यामागे होतीच. मात्र त्या निष्ठेला वाट मिळाली ती एका साध्या व्यवस्थेमुळे. गिटहबवर व्हिमचा कोड ब्राम यांच्या व्यक्तिगत खात्यात नव्हता. तो ‘व्हिम’ याच नावाच्या ऑर्गनायझेशनमध्ये होता, आणि त्या ऑर्गनायझेशनमध्ये काही सहकाऱ्यांना आधीपासून अधिकार दिलेले होते. तो कोड एकाच माणसाच्या खात्यात असता, तर त्याच माणसांना त्याच निष्ठेने आधी बंद दारासमोर उभे राहावे लागले असते.

गिटहब, गिटलॅब यांसारख्या ठिकाणी टीमसाठी अशी सामायिक जागा उघडता येते. सगळ्यांचे काम एका जागी दिसावे, रेपो म्हणजे कोडचे साठे शोधताना धावपळ होऊ नये, म्हणून तिची शिफारस होते. हे फायदे खरे आहेत, पण दुय्यम आहेत. सामायिक जागेचे मोल मला वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. कोण काय वाचू शकतो, कोण काय बदलू शकतो, कोणाच्या संमतीशिवाय काय होऊ शकत नाही आणि एक माणूस उठून गेला तर त्याच्या जागी कोण, या प्रश्नांची उत्तरे ती लिहून घेते. कोड लिहिणाऱ्यांना हे प्रश्न नकोसे वाटतात, कारण काम सुरू करताना मैत्री असते, उत्साह असतो, आणि अधिकारांची भाषा परकी वाटते. तरीही ज्या कोडवर एकापेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, तो कोणा एकाच्या खात्यात राहू नये, आणि ही व्यवस्था संकट येण्याआधी झालेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. गिटहब 2008 मध्ये सुरू झाले आणि ऑर्गनायझेशनची सोय तिथे 2010 मध्ये आली. ऑर्गनायझेशनला स्वतःचा पासवर्ड नसतो, तिच्या नावाने कोणी लॉग-इन करत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या खात्यानेच आत येतो आणि तिथे त्याला ठरावीक भूमिका मिळते. टीमने एक सामाईक खाते काढायचे आणि त्याचा पासवर्ड ग्रुपवर फिरवायचा, ही आपल्याकडे अजून दिसणारी पद्धत यामुळेच टाकून द्यायला हवी. त्या पद्धतीत कोणी काय केले हे कधीच कळत नाही, आणि एक माणूस सोडून गेला की पासवर्ड बदलून सगळ्यांना पुन्हा कळवावा लागतो. व्यक्तिगत खात्यातल्या रेपोची अडचण वेगळी असते. तिथे भूमिका दोनच, मालक आणि सहकारी. ज्याला सहकारी म्हणून घेतले त्याला थेट कोड बदलण्याचा अधिकार मिळतो, पण रेपोची महत्त्वाची सूत्रे मालकाकडेच राहतात. म्हणजे हाताखालच्याला गरजेपेक्षा जास्त मिळते आणि बरोबरीच्याला गरजेपेक्षा कमी. ऑर्गनायझेशनमध्ये हीच शिडी पाच पायऱ्यांची होते. नुसते वाचणे, आलेल्या तक्रारी आणि सूचना लावून ठेवणे, कोड लिहिणे, रेपोची रोजची देखभाल करणे आणि पूर्ण अॅडमिन अधिकार. शिवाय माणसांच्या टीम करता येतात आणि अधिकार टीमला देता येतात. नवी मुलगी डिझाइन टीममध्ये आली की त्या टीमचे सगळे रेपो तिला उघडतात, टीममधून काढले की एकदम बंद होतात. बाहेरून दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला सदस्य न करता एकाच रेपोपुरता प्रवेश देता येतो. मुख्य ब्रांचवर कोणीही थेट पुश करू नये, किमान एका किंवा दोघांनी तपासल्याशिवाय काही मर्ज होऊ नये, अमुक फोल्डरला हात लागला तर अमुक टीमची संमती हवीच, हे नियम एकदा लावले की ते यंत्रच पाळते. कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही, आणि कोणाला नकार देण्याचे अवघडलेपण कोणा माणसाच्या वाट्याला येत नाही. या शेवटच्या गोष्टीला मी बरेच महत्त्व देतो. वरिष्ठाच्या घाईच्या बदलाला कनिष्ठाने तोंडी हरकत घ्यायची, हे आपल्या कचेऱ्यांमध्ये किती कठीण असते ते सर्वांना ठाऊक आहे. मर्जचे बटणच दबत नसेल तर तो प्रसंगच येत नाही.

यावर पहिला आक्षेप जाणकारच घेतात, आणि तो वजनदार आहे. गिट ही रचना लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये केली तीच मुळी मध्यवर्ती मालकाची गरज राहू नये अशी. ज्याने रेपो उतरवून घेतला त्याच्याकडे पूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते. मग रेपो कोणाच्या खात्यात आहे याची चिंता कशाला? उद्या मालक गायब झाला तर कोणीही आपली प्रत घेऊन पुढे चालू लागेल. कोडपुरते हे अगदी बरोबर आहे. पण वापरणारे लोक नुसता कोड वापरत नाहीत, एक पत्ता वापरतात. हजारो प्रकल्पांच्या फाइलींमध्ये तो पत्ता लिहिलेला असतो, त्या पत्त्यावर चुकांच्या नोंदी आणि वर्षानुवर्षांच्या चर्चा असतात, त्या पत्त्याकडून येणाऱ्या नव्या आवृत्तीवर लोकांचा विश्वास असतो, आणि ती आवृत्ती प्रसिद्ध करण्यासाठी लागणारी टोकन आणि किल्ल्याही तिथेच जोडलेल्या असतात. यातले काहीच गिटच्या प्रतीबरोबर येत नाही. 2014 मध्ये व्हिमचीच प्रत घेऊन ‘निओव्हिम’ सुरू झाला. आज तो भरभराटीला आला आहे, पण त्याला नवे नाव घ्यावे लागले आणि स्वतःचा वापरकर्ता वर्ग पहिल्यापासून जमवावा लागला. विशेष म्हणजे तो प्रकल्प सुरू करणारे थियागो दे अरुडा पुढे बाजूला झाले तरी निओव्हिम चालत राहिला. तोही ऑर्गनायझेशनमध्येच होता.

पत्त्याची मालकी एका हाती असली की काय होते याचे गाजलेले उदाहरण 22 मार्च 2016 चे आहे. जावास्क्रिप्टची पॅकेजे जिथे ठेवली जातात त्या एनपीएमवर एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला. ‘किक’ हे नाव एका मेसेंजर कंपनीला हवे होते आणि एनपीएमने ते तिला दिले. या निर्णयाचा निषेध म्हणून त्या पॅकेजचे लेखक अझर कोचुलू यांनी आपली अडीचशेहून जास्त पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होते. मजकुराच्या डावीकडे हव्या तितक्या मोकळ्या जागा भरणारा हा जेमतेम 11 ओळींचा कोड. पण बेबेल हे जावास्क्रिप्टचे साधन त्यावर अवलंबून होते, आणि बेबेलवर बाकीचे जग. काही तास जगभरातली बिल्ड कोसळत राहिली. शेवटी एनपीएमने काढून घेतलेले पॅकेज स्वतःच पुन्हा बसवले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. कोचुलू यांनी आपल्याच वस्तूंवर आपला हक्क बजावला होता, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्या 11 ओळी कोणीही पाच मिनिटांत पुन्हा लिहिल्या असत्या, आणि लोकांनी लिहिल्याही. जे पुन्हा लिहिता येत नव्हते ते म्हणजे एनपीएमवरचे ते नाव. हजारो प्रकल्प उभे होते ते त्या नावावर, आणि ते नाव एका माणसाच्या खात्यात होते.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांना हा प्रकार कागदोपत्री ठाऊक आहे. सदस्य वर्षानुवर्षे राहतात, मेंटेनन्स भरतात, लिफ्ट आणि गळती सांभाळतात, पण कन्व्हेयन्स झालेले नसते आणि जमीन बिल्डरच्याच नावावर असते. रोजच्या जगण्यात त्याने काही अडत नाही. पुनर्विकासाची गोष्ट निघाली की सगळे अडते. राज्यात 1963 च्या कायद्याने हस्तांतरण बंधनकारक होते, तरी 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, कारण ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने सही केली नाही तर सदस्यांच्या हाती उपाय नव्हता. कोडच्या जगात असा कायदा नाही. गिटहबने 2020 मध्ये व्यक्तिगत खात्याला वारसदार नेमण्याची सोय दिली. तो वारसदार मृत्यूचा दाखला दिल्यावर 7 दिवसांनी, किंवा निधनाची छापील बातमी दाखवली तर 21 दिवसांनी, त्या खात्यातले सार्वजनिक रेपो सांभाळू शकतो किंवा दुसरीकडे हलवू शकतो. सोय चांगली आहे, पण ती मृत्यूनंतरची आहे. माणूस आजारी पडला, कंटाळला, भांडला, नोकरी बदलून या कामातून निघून गेला, तर तिचा उपयोग नाही. आणि प्रकल्प थांबतात ते बहुतेक वेळा अशाच कारणांनी.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. किल्ल्या वाटल्या की चोरीची वाट रुंद होते, हे नुसते तर्काने नव्हे तर पुराव्याने सांगता येते. 2018 मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज आठवड्याला सुमारे वीस लाख वेळा उतरवले जात होते. त्याचे लेखक डॉमिनिक टार स्वतः ते वापरायचे थांबले होते, त्याचे त्यांना पैसेही मिळत नव्हते, आणि कोणी अनोळखी माणूस सांभाळायला तयार झाला म्हणून त्यांनी ते त्याच्या हवाली केले. त्या माणसाने त्यात एक नवे पॅकेज जोडले, ज्यात ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटमधून पैसे चोरणारा कोड दडवला होता. नोव्हेंबरात ते उघडकीला आले. त्याहून हादरवणारी घटना मार्च 2024 ची. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक वितरणात असलेल्या ‘एक्सझेड’ या फाइली संकुचित करणाऱ्या साधनात मागचे दार बसवले गेले होते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी 2021 पासून चांगले पॅच पाठवून विश्वास मिळवला होता. थकलेले मूळ मेंटेनर लासे कॉलिन यांच्यावर इतर काही खात्यांनी ‘काम पुढे जात नाही, कोणाला तरी सोबत घ्या’ असा दबाव आणला होता, आणि शेवटी जिया टॅनला सहमेंटेनरचे अधिकार मिळाले होते. आणि एक्सझेडचा रेपो काही व्यक्तिगत खात्यात नव्हता. तो ‘तुकानी’ प्रकल्पाच्या ऑर्गनायझेशनमध्ये होता. माझ्या म्हणण्याविरुद्ध याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

म्हणूनच तो बारकाईने पाहायला हवा. त्या ऑर्गनायझेशनचे नाव टीमचे होते, पण कामाला माणसे दोनच, आणि त्यातला एक थकलेला. एकाने केलेले दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही, ही अट व्यवहारात लागू नव्हती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागचे दार उघडणारा निर्णायक तुकडा गिटच्या रेपोमध्ये नव्हताच. तो होता प्रसिद्धीसाठी बनवलेल्या संकुचित फाइलीत, म्हणजे टारबॉलमध्ये. रेपोमधला कोड कितीही जणांनी वाचला असता तरी तो तुकडा दिसला नसता, कारण तो टारबॉल जिया टॅनने स्वतः बनवून चढवला होता. घात झाला तो काम सामायिक जागेतून बाहेर पडून एका माणसाच्या संगणकावर गेले त्या सांध्यावर. अधिकार वाटल्याने किती नुकसान होऊ शकते याची मर्यादाही याच प्रकरणात दिसते. कॉलिन यांनी नंतर स्पष्ट केले की गिटहबवर ठेवलेल्या गोष्टी, एक्सझेडच्या उपसंकेतस्थळासह, जिया टॅनच्या हाताला लागत होत्या. पण मुख्य संकेतस्थळ आणि तिथला गिट सर्व्हर फक्त कॉलिन यांच्या ताब्यात होते. जिथे अधिकार वेगळे ठेवले होते तिथे शिरकाव झाला नाही. उरलेला बचाव मात्र योगायोगाचा होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने दूरच्या संगणकात आत जायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्यांनी खोदून पाहिले आणि 29 मार्चला जगाला सावध केले. तोवर ती आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या चाचणीतल्या वितरणांपर्यंत पोचली होती, स्थिर वितरणांमध्ये अजून नव्हती.

यातून ‘किल्ली एकाकडेच बरी’ असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. एकाकडे किल्ली असणे हीच तर या दोन्ही घटनांची सुरुवात आहे. डॉमिनिक टार एकटे होते म्हणून पहिल्या भेटलेल्या माणसाला सगळे देऊन मोकळे झाले. कॉलिन एकटे आणि दमलेले होते म्हणून दबाव लागू पडला. नव्या माणसाला आधी तक्रारी लावून ठेवण्याचा, मग लिहिण्याचा, बऱ्याच काळाने देखभालीचा अधिकार देता आला असता, त्याच्या कामावर तिसऱ्या जुन्या माणसाची नजर असती, आणि आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे काम कोणा एकाच्या लॅपटॉपवर न होता सर्वांना दिसणाऱ्या कोडमधून यंत्रानेच केले असते, तर दोन्ही ठिकाणी घात करणे फार अवघड गेले असते. अशक्य नव्हे, अवघड. पायथनची पॅकेजे ठेवणाऱ्या पायपीआयने एप्रिल 2023 मध्ये याच दिशेने दोन पावले टाकली. पॅकेजेही ऑर्गनायझेशनच्या नावावर ठेवण्याची सोय जाहीर केली, आणि माणसाच्या हातातले कायमचे टोकन न वापरता गिटहबवरच्या ठरलेल्या प्रक्रियेतूनच पॅकेज प्रसिद्ध करण्याची पद्धत आणली. पुढच्या वर्षारंभी तिथे दुहेरी पडताळणीही सक्तीची झाली. मात्र एक मान्य करायलाच हवे, की रचना माणसे निर्माण करत नाही. पाच पायऱ्यांची शिडी उभी केली आणि चढायला कोणीच नसले तर ती तशीच उभी राहते. फुकट वापरल्या जाणाऱ्या कोडसाठी वेळ आणि पैसा कोठून यावा, हा प्रश्न कोणत्याही सेटिंगने सुटत नाही, आणि ज्या कंपन्या त्या कोडवर कमावतात त्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे.

अधिकार व्यक्तीकडून संस्थेकडे नीट कसा सरकतो हे पाहायचे तर पायथन भाषेकडे पाहावे. गिडो व्हॅन रॉसम तिचे जनक; भाषेत काय यावे याचा शेवटचा शब्द जवळपास तीन दशके त्यांचा होता. जुलै 2018 मध्ये एका नव्या चिन्हाच्या प्रस्तावावरून झालेल्या कडवट वादानंतर त्यांनी ती भूमिका सोडली आणि वारस नेमण्यासही नकार दिला. तुमचे तुम्ही ठरवा, असे म्हणाले. मुख्य डेव्हलपरांनी अनेक राज्यपद्धतींचे प्रस्ताव लिहिले, त्यांवर मतदान केले आणि पाच जणांचे निवडून येणारे सुकाणू मंडळ स्वीकारले. त्या मंडळात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक असू नयेत, असाही नियम केला. यात गिटहबचे श्रेय काहीच नाही असे कोणी म्हणेल, आणि ते बव्हंशी खरे आहे. ही माणसांची परिपक्वता होती. पण पायथनचा कोड फेब्रुवारी 2017 मध्येच गिटहबवर ‘पायथन’ या ऑर्गनायझेशनमध्ये आला होता, आणि त्याआधीही तो प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर होता, रॉसम यांच्या मालकीत कधी अडकला नव्हता. त्यामुळे पुढचे काही महिने राज्यपद्धतीचा वाद चालू असताना रोजचे काम कोणाच्या परवानगीसाठी खोळंबले नाही. सत्ता कोणाकडे हा प्रश्न शांतपणे चर्चेला घेता आला, कारण किल्ल्या कोणाकडे हा प्रश्न आधीच सुटलेला होता.

एवढे सगळे मोठ्या प्रकल्पांना ठीक, तिघाचौघांच्या टीमने हा पसारा कशाला मांडायचा, असे विचारले जाते. पसारा म्हणावा इतका तो नाही. एप्रिल 2020 पासून गिटहबवर खासगी रेपो आणि अमर्याद सहकारी टीमसाठीही मोफत आहेत. खासगी रेपोवर ब्रांचसंरक्षणासारखे काही नियम लावायचे तर मात्र पैसे पडतात. ऑर्गनायझेशन उघडायला काही मिनिटे लागतात, आणि व्यक्तिगत खात्यातला रेपो तिथे हलवला तर जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो. खरे तर लहान टीमलाच याची गरज जास्त असते. मोठ्या कंपनीत निदान कोणीतरी ही जबाबदारी घेऊन बसलेले असते. पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत चार-सहा माणसांच्या कंपन्या ग्राहकांची अॅप आणि संकेतस्थळे बनवतात. तिथे पहिल्या डेव्हलपरने घाईत आपल्याच खात्यात रेपो उघडला आणि दोन वर्षांनी तो दुसरीकडे गेला, तर कंपनीला स्वतःचाच कोड त्याच्याकडे मागावा लागतो. तो सज्जन असला तरी त्याच्यावरही हे ओझेच आहे. इंजिनियरिंग कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचेही तसेच: रेपो एका विद्यार्थ्याच्या खात्यात राहतो आणि पुढच्या बॅचला तो पुढे नेता येत नाही. विभागाचे ऑर्गनायझेशन असेल, दरवर्षी नवी टीम त्यात येत असेल, तर एकाच कामावर चार वर्षांच्या मुलांचे हात फिरतील. लहान टीमने फक्त एक काळजी घ्यावी. ओनर, म्हणजे ऑर्गनायझेशनची पूर्ण सूत्रे असलेले सदस्य, किमान दोन असावेत, गिटहबचीही तशीच शिफारस आहे, पण सगळेच ओनर नसावेत. एकच ओनर असलेले ऑर्गनायझेशन म्हणजे नाव बदललेले व्यक्तिगत खातेच.

श्रेयाचा मुद्दा तरुण डेव्हलपरांना मनापासून डाचतो. नोकरी शोधताना आपल्या प्रोफाइलवर आपले रेपो दिसावेत असे त्यांना वाटते, आणि ते रास्त आहे. पण गिटमध्ये श्रेय रेपोच्या मालकीला जोडलेले नसते. प्रत्येक कमिटवर लेखकाचे नाव वेगळे नोंदले जाते आणि रेपो कुठेही हलला तरी ते पुसले जात नाही. उलट एकहाती कारभारातच इतरांचे श्रेय झाकले जाते. व्हिममध्ये ब्राम दुसऱ्यांचे पॅच स्वतःच्या नावाने कमिट करत आणि मूळ लेखकाचा उल्लेख खालच्या संदेशात करत. त्यात अप्रामाणिकपणा मुळीच नव्हता, ती त्यांची जुनी कार्यपद्धती होती. नव्या मंडळींनी सूत्रे घेतल्यावर कमिटच्या लेखकाच्या जागी पॅच पाठवणाऱ्याचेच नाव येऊ लागले.

राहता राहिला सर्वांत दूरचा विचार. ही सगळी सामायिक जागा अखेर एका कंपनीच्या आवारात आहे. गिटहब 2018 पासून मायक्रोसॉफ्टचे. जुलै 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपरांचे खासगी रेपो अडवले गेले. इराणसाठी परवाना मिळवून ते पूर्ववत व्हायला जानेवारी 2021 उजाडले. ऑक्टोबर 2020 मध्ये संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून ‘यूट्यूब-डीएल’ चा रेपो उतरवला गेला आणि नोव्हेंबरात परत आला. जागा बंदही पडतात: गिटोरियस 2015 मध्ये मिटले, गूगल कोड 2016 मध्ये, आणि बिटबकेटने 2020 मध्ये मर्क्युरिअल या गिटसारख्याच दुसऱ्या प्रणालीचे सगळे रेपो काढून टाकले. अशा वेळी टीमला दुसरीकडे जाता यायला हवे, आणि त्याची तयारी ऑर्गनायझेशनच्या बाहेर करावी लागते. डोमेनचे नाव कोणा सदस्याच्या क्रेडिट कार्डवर नव्हे तर टीमच्या नावे नोंदवलेले असावे, कारण वापरणाऱ्यांना नवा पत्ता सांगायचा तर तोच मार्ग उरतो. कोडची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर रोज आपोआप जावी. ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ या फ्रान्समधल्या संग्रहाने गूगल कोड, गिटोरियस आणि बिटबकेटवरचा मर्क्युरिअलचा सार्वजनिक कोड जपला आहे, पण अशा संग्रहात खासगी रेपो नसतात. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे चर्चा. एखादा निर्णय का घेतला, अमुक चूक कशी सापडली, कोणता पर्याय का नाकारला, हे इश्यू आणि पुल रिक्वेस्टमध्ये असते, गिटच्या प्रतीत नसते. पायथननेही एप्रिल 2022 मध्ये आपली चुकांची जुनी नोंदवही गिटहबच्या इश्यूंमध्ये हलवली. म्हणजे तिथलाही नवा इतिहास आता त्याच आवारात साठतो आहे. तो वेळोवेळी उतरवून घेण्याची साधने उपलब्ध आहेत, गिटहब स्वतःही ऑर्गनायझेशनचा सगळा साठा एकत्र काढून देण्याची सोय देते, आणि हे काम ओनरपैकी कोणाचे हे नावानिशी ठरवून ठेवावे लागते.